वाडा घेताना आधी खांबाचे पाय बघा

पुण्यात नारायण पेठेतला एक छोटा वाडा गेल्या महिन्यात माझ्या नावावर झाला. एकाच चौकाचा, पाच खणांचा (दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण), दुमजली, वर कौलं. खरेदीखत होईपर्यंत घरातले सोडून कुणाला सांगितलंच नव्हतं. आता ज्यांना कळलंय ते सगळे एकच विचारतायत, अगं इतकं जुनं लाकूड, पडणार नाही का? म्हणून सविस्तर लिहितेय, कारण हाच प्रश्न मलाही वर्षभर झोपू देत नव्हता.

त्याआधी दुसऱ्या एका पेठेत एक वाडा बघितला होता, त्याच्या नक्षीवर मी अक्षरशः भाळले होते. महिरपी, केळफुलं, दिंडी दरवाजा, सगळं जागच्या जागी. पण आमच्या ओळखीचे एक सुतारकाका आहेत, उभी हयात वाड्यांच्या दुरुस्तीत गेलेली, त्यांना सोबत नेलं तर त्यांनी नक्षीकडं मान वर करून बघितलं पण नाही. सरळ खाली बसले आणि खांबाच्या बुडाशी टोचा घातला, तर तो बोटभर आत गेला. भिंतींना कुणीतरी सिमेंटचा गिलावा केलेला. काका म्हणाले, "ताई, लाकूड वयानं मरत नाही, पाण्यानं मरतं. चुन्याच्या भिंतीतनं ओल बाहेर पडते, सिमेंटनं ती आत कोंडली आणि सगळी खांबानं प्यायली." त्या रात्री मी खूप रडले, पण तो वाडा सोडला.

आता हा घेतला त्याबद्दल. वाड्यात भार भिंतीवर नसतो, खांब, त्यांच्यावर तुळया, तुळयांवर कड्या आणि फळ्या म्हणजे कडीपाट, असा सगळा सागवानी सांगाडा असतो आणि भिंत नुसती मधे भरलेली. खांब जमिनीत पुरत नाहीत, तळखड्यावर, म्हणजे खालच्या दगडी बैठकीवर, उभे करतात, म्हणजे ओल वर चढू नये. हे सगळं मला पुस्तकातनं नाही, विकणाऱ्या आजींकडनं नीट कळलं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा त्या बारा वर्षांच्या होत्या. घरचे सगळे उंचावर निघून गेले, परत येऊन बघतात तर मागची मातीची भिंत विरघळून गेलेली, चिखल कमरेइतका, आणि वरचा मजला मात्र नुसत्या खांबांवर तसाच्या तसा उभा! आत माजघरातल्या खांबावर त्या पाण्याची रेघ अजून दिसते, मी ती पुसू देणार नाहीये.

अर्थात सगळं धडधाकट नव्हतं. पन्हळ गळत होती तिथल्या दोन तुळयांची भिंतीत गेलेली टोकं कुजलेली, एका खांबाचा पाय पोकळ, ठोकलं की आवाज बद्द येतो. पण हे दुरुस्त होतं, जॅक लावून भार उचलायचा, कुजका भाग कापायचा आणि नवा तुकडा सांधायचा. काकांनी आवर्जून जुनंच सागवान घ्यायला लावलं कारण ते पूर्ण वाळलेलं असतं, नंतर पिळवटत नाही. त्यासाठी भवानी पेठेत टिंबर मार्केटला चार चकरा झाल्या. पाडलेल्या वाड्यांच्या तुळया तिथं रचलेल्या बघून मात्र पोटात तुटलं.

कागदांनी जास्त दमवलं. प्रॉपर्टी कार्डावर आजींच्या वडिलांचंच नाव, वारस चार, एक बहीण नागपूरला, तिचं हक्कसोडपत्र येईपर्यंत तीन महिने गेले. वकिलांनी सर्च घेतला, म्हणजे जागेचे मागच्या तीस वर्षांचे व्यवहार तपासले, पेपरात नोटीस दिली. बँकेनं बांधकामाचं वय बघून लोन नाकारलं, मग माझं सोनं आणि आईची एफडी. माझ्या एकटीच्या नावावर घेतल्यामुळं स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सवलत मिळाली, तेवढाच आधार. खाली एक भाडेकरू आजोबा राहतात. घर विकलं म्हणून भाडेकरूचा हक्क जात नाही आणि मला तो जायला नकोही आहे, त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगितलं की तुम्ही इथंच राहायचं.

आगीची भीती मात्र मला खरंच वाटते. शनिवारवाडा घरापासून चालत दहा मिनिटं, १८२८ च्या आगीत आतलं सगळं लाकूडकाम गेलं आणि आज फक्त दगडी जोती आणि तट उरलेत. त्यामुळं पहिला खर्च रंगावर नाही, वायरिंगवर केला, जुनी सगळी काढून टाकली, कडीपाटाजवळनं जाणारी प्रत्येक वायर पाइपातनं घेतली.

पावसाळ्याआधी कौलं चाळून झाली, पन्हळ नवी बसली. काल रात्री पहिला जोराचा पाऊस झाला. मी आणि आई टॉर्च घेऊन दीड वाजता सगळ्या तुळयांची टोकं हात लावून बघितली, कोरडी होती. खाली आजोबा पण जागेच होते. त्यांनी दारातनंच विचारलं, "गळतंय का गं कुठं?" म्हणलं, नाही आजोबा, झोपा.