बडोदे ते बेळगाव : एक कारवान, एक बोका आणि आम्ही

बडोद्याचे बिऱ्हाड कायमचे हलवून बेळगावला यायचे ठरले, तेव्हा सामानाची चिंता कोणी फारशी केली नाही. ते ट्रकमधून आधीच रवाना झाले. खरा प्रश्न होता तो चांदी या आमच्या मुधोळ, म्हणजेच कारवान, जातीच्या शिकारी कुत्रीचा आणि गुंड्या बोक्याचा. रेल्वेने न्यायचे तर कुत्र्यासाठी वातानुकूलित पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे मिळवावा लागतो, नाहीतर त्याची रवानगी गार्डाच्या डब्यातील पेटीत होते. घरात सतत कोणाच्या तरी पायाशी बसणाऱ्या चांदीला त्या पेटीत रात्रभर कोंडणे मनाला पटेना, म्हणून स्वतःच्या मोटारीनेच निघालो.

प्राण्यांच्या वाहतुकीविषयी केंद्र सरकारचे १९७८ चे नियम आहेत. कुत्र्या-मांजरांसाठी पशुवैद्यकाचा निरोगी असल्याचा दाखला असावा, निघण्याच्या किमान दोन तास आधी त्यांना खाऊपिऊ घालावे, पाणी उन्हाळ्यात दर चार आणि हिवाळ्यात दर सहा तासांनी द्यावे, असे त्यांत सांगितले आहे. हे नियम पिंजऱ्यात भरून पाठवल्या जाणाऱ्या जनावरांना डोळ्यांसमोर ठेवून केलेले असले, तरी आम्ही तेच आमचे वेळापत्रक मानले आणि संक्रांतीनंतरची थंडी असूनही चार तासांचाच हिशेब धरला. मुक्काम कुठे गाठायचा हे माणसांनी ठरवावे, पण थांबायचे कुठे आणि किती वेळ, हे जनावरांवर सोडावे, असे माझे मत या प्रवासात पक्के झाले.

गुंड्याचा पिंजरा बरेच दिवस आधीपासून दिवाणखान्यात दार उघडे ठेवून मांडला होता आणि त्याचे जेवण आतच ठेवत होतो. गुंगीचे औषध देण्यास डॉक्टरांनी साफ नकार दिला. गुंगीत जनावराला तोल सांभाळता येत नाही आणि अंगाचे तापमानही नीट राखता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. गुंड्या भरूचजवळ नर्मदेचा पूल ओलांडेपर्यंत अखंड ओरडत होता. पिंजऱ्यावर आईचे जुने सुती लुगडे पांघरल्यावर तो गप्प झाला. पुण्यापर्यंतच्या रस्त्याबद्दल याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही; पुण्यात बहिणीकडे रात्र काढली आणि पहाटे साताऱ्याच्या दिशेने निघालो.

कागल मागे पडले, कोगनोळीचा टोलनाका आला आणि राज्य बदलले, तरी दुकानांच्या पाट्यांपलीकडे फरक जाणवत नाही. दोन्ही बाजूंना तोच ऊस आणि तेच रस्ता अडवून डुलत चाललेले ट्रॅक्टर. निपाणीबाहेर एका कच्च्या वाटेवर गाडी घेतली. चांदीच्या बाबतीत आमचा एक नियम कडक आहे: आधी पट्टा हातात, मग दार. ही जात वासापेक्षा नजरेने शिकार करते. दूरवर काही हलले की ती निघालीच, आणि मग हाकेला अर्थ उरत नाही. अंगावर चरबी नाही, केस आखूड, त्यामुळे गाडीतल्या थंड हवेने ती कुडकुडते. तिच्यासाठी गोधडी घेतली होती. खाली उतरताच तिने नाक वर केले आणि लागोपाठ शिंकू लागली. शेजारच्या वखारीतला तंबाखूचा उग्र दर्प आम्हालाही झोंबत होता.

उसाची ट्रॉली उभी करून चहा पीत बसलेला एकजण म्हणाला, "काय ओ, मुधोळचं न्हवं हे?"

"होय, पण वाढलंय बडोद्यात."

"मग घराकडंच आणलासा की!"

त्याचे बरोबर होते. मुधोळ आज बागलकोट जिल्ह्यात असले, तरी तिथल्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेला हा कारवान सीमाभागातल्या माणसाला लांबून ओळखू येतो. टपाल खात्याने २००५ साली देशी कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत मुधोळही होता. बडोद्यात मात्र सगळे विचारायचे, याला खायला घालत नाही का?

तवंदी घाटाच्या वळणांवर गुंड्याच्या तोंडाला लाळ सुटली. मांजराला मळमळू लागल्याचे ते लक्षण. तोंड उघडून धापा टाकू लागले तर गाडी थांबवायलाच हवी. तशी वेळ आली नाही. मालट्रकच्या मागे मुकाट्याने रांगत घाट पार केला आणि संकेश्वर, हत्तरगी, काकती करत दिवेलागणीला शहापुरात आत्याच्या कौलारू घरी पोहोचलो.

"त्या बोक्याला आधी आत घ्या, चहाचं मग बघू," आत्या दारातूनच म्हणाली. तिच्या मनात त्याला लगेच माळ्यावर सोडायचे होते, कारण तिथे उंदीर झाले आहेत. आम्ही मात्र त्याला माजघरालगतच्या एकाच खोलीत ठेवले. नवी जागा आपली वाटण्याआधी सुटलेले मांजर जुने घर शोधत निघते, आणि गुंड्याचे घर आता शेकडो किलोमीटरवर होते. बडोद्याहून त्याच्या शी-शूच्या वाळूतली मूठभर वाळू आणली होती, ती नव्या ट्रेमध्ये मिसळली. सुरुवातीला तो दिवसभर पलंगाखाली असायचा आणि रात्री सगळे निजल्यावर जेवायचा. पलंगाच्या पायाला गाल घासू लागला, तेव्हा खोलीचे दार उघडे ठेवायला सुरुवात केली.

चांदीला घर पहिल्याच रात्री मानवले. तिला गल्लीतल्या कुत्र्यांची टोळी मानवत नाही, म्हणून आम्ही तिला पहाटे लवकर फिरवून आणतो. इथल्या पशुवैद्यांनी तिचे लसीकरणाचे कार्ड तपासले. बेळगावचा पाऊस आणि माळ्यावरचे उंदीर लक्षात घेऊन लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या रोगावरची, लस पावसाळ्यापूर्वी घ्यायला त्यांनी सांगितले आहे. ती तारीख आत्याने दिनदर्शिकेवर लिहून ठेवली आहे.