आवडीवर पहारा आणि खानदेशातला रेडिओ

दुसऱ्या महायुद्धानंतर सामान्य माणसाची आवड कशी घडत गेली, याचा विचार करू लागलो की मी १९५२ या वर्षापाशी थांबतो. त्या वर्षी बा. वि. केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि चित्रपटसंगीताने लोकांची अभिरुची बिघडते अशा ठाम समजुतीने त्यांनी आकाशवाणीवरून ते जवळजवळ हद्दपार केले. केसकर शास्त्रीय संगीताचे जाणकार होते. त्यांच्याच काळात सुरू झालेल्या संगीताच्या राष्ट्रीय कार्यक्रमामुळे थोर गवयांचा आवाज देशभर पोचला, आणि हे ऋण मी मनापासून मानतो. मात्र लोकांनी काय ऐकावे हे दिल्लीत बसून ठरवता येईल, हा त्यांचा विश्वास मला तेव्हाच्या परिस्थितीशी विसंगत वाटतो.

कारण पर्याय समुद्रापलीकडे तयार होता. युद्धकाळात दोस्त राष्ट्रांनी आपल्या सैनिकांसाठी श्रीलंकेत, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमध्ये, लघुलहरींचे शक्तिशाली प्रक्षेपक उभारले होते. युद्ध संपल्यावर ते रेडिओ सिलोनच्या हाती आले आणि ३ डिसेंबर १९५२ रोजी, बुधवारी, त्यावरून हिंदी चित्रपटगीतांचा बिनाका गीतमाला हा कार्यक्रम सुरू झाला. त्याचे निवेदक अमीन सयानी यांचा आवाज ऐकण्यासाठी जळगाव, भुसावळ, धुळे, अमळनेर इथल्या ज्या मोजक्या घरांत आणि हॉटेलांत रेडिओ होता, तिथे माणसे दाटीवाटीने जमत, असे आमच्याकडची वडीलधारी मंडळी सांगत. पोस्टातून परवाना काढून घेतलेला तो एक संच साऱ्या आळीचा असे. आवाज मधेच खोल जाई, खरखर वाढे, तरी कोणी उठत नसे.

त्याच १९५२ साली बहिणाबाई चौधरींच्या कविता पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. असोद्याच्या या माउलीचे निधन आदल्या वर्षी ३ डिसेंबरलाच झाले होते. अक्षरओळख नसताना शेतात आणि जात्यावर सुचलेल्या त्या ओव्या मुलगा सोपानदेव यांनी जपल्या आणि आचार्य अत्र्यांनी त्या महाराष्ट्रासमोर आणल्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर आणि कानबाई या देवीच्या उत्सवाच्या रात्री पिढ्यान्‌पिढ्या गाणाऱ्या बायांच्या या मुलखाला त्या भाषेची ओळख करून द्यावी लागली नाही. पुस्तक मात्र वाचता येणाऱ्यांपुरतेच होते, आणि ज्यांच्या तोंडची ती बोली होती त्या बहुसंख्य बायांना वाचता येत नव्हते.

ती उणीव भरून काढण्यात चित्रपटाचाही वाटा आहे. १९६१ च्या ‘मानिनी’ या चित्रपटात ‘अरे संसार संसार’ हे बहिणाबाईंचे गीत आले, त्याची तबकडी निघाली, आणि चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या कानावर तिच्याच वळणाचे शब्द वाद्यांच्या साथीने पडले. ज्या माध्यमाला हलके ठरवून दूर ठेवण्याचा प्रयत्न झाला, त्याच माध्यमाने खानदेशातली ओवी घरोघर नेली, ही गोष्ट अभिरुचीच्या चर्चेत फारशी कोणी मांडत नाही, याचे मला वाईट वाटते.

आकाशवाणीनेही दरम्यान आपली वाट बदलली होती. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली, ती श्रोते सिलोनकडे वळले होते म्हणूनच, आणि तेव्हा केसकरच मंत्रिपदी होते.