वैशाखातील रंधाकाम

चंद्रपूर जिल्ह्यातील आमच्या गावी मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकला की दुपारी पडवीत रंधा धरवत नाही. म्हणून माझे हौशी सुतारकाम उजाडल्यापासून ऊन तापेपर्यंतच चालते. या कोरड्या हवेत लाकडातील ओल झपाट्याने उडते आणि फळी लांबीत जवळजवळ तेवढीच राहून रुंदीत आकसते, त्यामुळे आता घट्ट बसवलेले कपाटाचे दार मृगाच्या पावसानंतर फुगून अडकते. आलापल्लीच्या सागाचे कौतुक रास्तच आहे, पण तोही याला अपवाद नाही. म्हणून दाराच्या मधल्या फळीला मी सरस लावत नाही. चौकटीच्या खाचेत ती थोडी मोकळीच ठेवतो. तयार फळ्या कूलरसमोर मात्र मुळीच ठेवू नयेत, कारण ओलसर वाऱ्याने एकच बाजू फुगते आणि फळी बाक धरते.