अनारसा का हसतो : आश्विनातील तीन खेपांची नोंद

गेल्या वर्षी चकलीच्या भाजणीवर हात बसल्यानंतर यंदाच्या शरदात तो अनारशांवर बसवायचा, हे मी श्रावणातच ठरवले होते. आमच्या इंदूरच्या घरात अनारसे फक्त आई करीत असे, आणि गेली चार वर्षे तिचा हात दुखतो म्हणून ते विकतच येत होते. विकतच्या अनारशाला जाळी असते. तो तुपाऐवजी तेलात तळलेला असतो हे मात्र दुसऱ्या दिवशी डबा उघडल्याबरोबर कळते.

सुरुवात दोन आठवडे लांबली, कारण पितृपक्षात दिवाळीच्या पदार्थाचे तांदूळ भिजवू देण्यास आईने साफ नकार दिला. त्या सोळा दिवसांत आमची धाकटी शेजारच्या माळवी मैत्रिणींबरोबर भिंतीवर शेणाची संजा मांडण्यात आणि तिच्यावर फुलांच्या पाकळ्या चिकटवण्यात गुंतली होती. शेवटचा किलाकोट, म्हणजे संजेचे किल्ल्यासारखे मोठे चित्र, सर्वपित्री अमावास्येला पूर्ण झाला, दुसऱ्या दिवशी, २२ सप्टेंबरला, घट बसले आणि २३ तारखेला मी अर्धा किलो तांदूळ भिजवला.

पहिली खेप. सियागंज बाजारातून आणलेला जुना, जाडा तांदूळ घेतला. सुवासिक तांदळाचा वास तीन दिवसांच्या पाण्यात निघूनच जातो, त्यामुळे त्यावर पैसे घालण्यात अर्थ नाही. दररोज सकाळी पाणी बदलले. तिसऱ्या दिवशी पाण्याला किंचित आंबूस वास आला. तो यावाच लागतो, कारण या हलक्या आंबण्याने दाणा ठिसूळ होतो आणि त्याचे पीठ मैद्यासारखे बारीक पडते. २६ तारखेला तांदूळ उपसून कापडावर पसरला, पण कार्यालयाची वेळ झाल्यामुळे वीसच मिनिटांत तो मिक्सरमध्ये घातला. पीठ चाळणीतून उतरेना, चाळणीच्या पाठीला चिकटून बसले. त्यात पाचशे ग्रॅम किसलेला करेली गावचा गूळ आणि चमचाभर तूप मिसळून गोळे केले आणि डब्यात भरले.

३० सप्टेंबरला, अष्टमीच्या संध्याकाळी, आमच्याकडे भोंडला होता, म्हणून चार दिवस मुरलेले पीठ तळायला घेतले. खसखशीवर थापलेला पहिला अनारसा तुपात सोडला आणि तो हसला. अगदी खदखदून हसला, म्हणजे कडेपासून सुटत सुटत त्याचे तुपात तांबूस चूर्ण झाले. दुसरा, तिसरा आणि चौथा याच वाटेने गेले. पाचव्याच्या वेळी आईने गॅस बंद केला. पाटावरच्या हत्तीभोवती मुलींचा फेर चालू असताना मी झाऱ्याने तो चुरा निथळून घेतला, त्यात सुके खोबरे आणि वेलदोड्याची पूड घातली आणि डब्याचे झाकण लावले. खिरापत ओळखण्याच्या खेळात त्या दिवशी कोणालाही यश आले नाही. एकीने पंजिरी म्हटले, एकीने चुरमा, आणि डबा उघडल्यावर हे अनारसे आहेत यावर कोणी विश्वास ठेवला नाही. माझ्या दृष्टीने या खेपेचे तेवढेच यश.

कारण शोधताना दोन गोष्टी लक्षात आल्या. पिठात पाणी जास्त होते आणि गूळही जास्त होता. मुरताना गूळ पिठातले पाणी ओढून घेतो आणि सैल होतो. तुपात पडताच तो वितळतो, आणि तांदळाच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसल्यामुळे वितळलेल्या गुळाला धरून ठेवणारे काहीच उरत नाही. उरलेल्या गोळ्यांत मूठभर कोरडी पिठी मिसळल्यावर पुढचे सहा अनारसे शाबूत राहिले, पण त्यांना जाळी नव्हती.

दुसरी खेप. पहिल्या वेळी ओले राहिले म्हणून या वेळी मी उलट टोक गाठले. १ ऑक्टोबरला तांदूळ भिजवला, ४ तारखेला उपसला आणि गच्चीवर उन्हात दोन तास ठेवला. ऑक्टोबरचे ऊन पावसाळ्यानंतरचे म्हणून सौम्य असेल, असा माझा समज होता. तो चुकीचा निघाला. तांदूळ खडखडीत वाळला, पीठ रवाळ पडले आणि चारशे ग्रॅम गूळ घालूनही गोळा भेगाळत राहिला.

६ तारखेला कोजागरी होती. तीन लिटर दूध सव्वादोन लिटरपर्यंत आटवले, त्यात केशर, बदाम, पिस्ते, चारोळी आणि जायफळ घातले, आणि ढगांच्या फटीतून चंद्र दिसेपर्यंत आम्ही सगळे गच्चीवर चादरी पांघरून बसलो. दुधाबद्दल नोंदवण्यासारखे फार काही नाही. ते चांगले झाले, आणि थोरल्याला आश्विनी, म्हणजे कोजागरीचे थोरल्या अपत्याचे औक्षण, ओवाळताना आईने त्याच्या उंचीवर बोलून घेतले. पातेल्याच्या तळाशी राहिलेले वाटीभर दूध मात्र दुसऱ्या दिवशी उपयोगी पडले. ७ तारखेला कोरड्या पिठाचे दोन भाग केले, एकात ते मसाला दूध दोन चमचे घातले, दुसऱ्यात पिकलेल्या केळ्याचा लहान तुकडा कुस्करला आणि लगेच तळले. केळ्याचे अनारसे मऊ झाले, पण आत शिजण्यापूर्वीच लाल झाले. दुधाच्या अनारशांना केशराचा वास सुंदर आला आणि थोडी जाळीही पडली, परंतु गार झाल्यावर ते इतके कडक झाले की आईने तिचा वाटा चहात बुडवून खाल्ला.

तिसरी खेप. ८ तारखेला तांदूळ भिजवला. दररोज बदललेले पाणी या वेळी वाया गेले नाही. मुलांनी अंगणात किल्ला करायला घेतला होता आणि त्यावर पेरलेल्या मोहरीला ते मिळत होते. आईला रायगड हवा होता, पण मुलांची सहल नुकतीच मांडूला जाऊन आली होती, त्यामुळे दोन परातींच्या तळ्यांमध्ये जहाज महाल उभा राहिला आणि महाराजांना त्याच्या गच्चीवर बसावे लागले. मोहरी ११ तारखेला उगवली. त्याच सकाळी तांदूळ उपसला.

या वेळी मी आईला शेजारी बसवले आणि वजनकाटाही मांडला. तांदूळ घरात सावलीत, जुन्या धोतरावर, पंखा न लावता पसरला. आई दर दहा मिनिटांनी मूठ भरून पाही. तिची कसोटी अशी की मूठ वळली तर तांदूळ एकत्र राहावा, बोटे उघडली की सुटावा, आणि तळहात ओला होऊ नये. पन्नास मिनिटांनी ती म्हणाली, “आता घे, नाहीतर हातचा जाईल.” मी काट्यावर ठेवले तर अर्धा किलो कोरड्या तांदळाचे वजन त्या क्षणी ५९५ ग्रॅम होते. वहीत मागची वजने होतीच. पहिल्या खेपेला दळण्यापूर्वी ते ६४० ग्रॅम होते आणि दुसऱ्या खेपेला ५३०. ज्यांच्या घरी मूठ पाहणारे कोणी उरलेले नाही, त्यांनी ६०० ग्रॅमच्या आसपास थांबावे, असे मी सुचवीन. हवेतला दमटपणा रोज बदलतो, म्हणून घड्याळावर विसंबू नये.

पीठ दोनदा चाळले, चारशे ग्रॅम गूळ घातला, घट्ट गोळे करून सहा दिवस मुरू दिले आणि १७ तारखेला, वसुबारसेला संध्याकाळी, तळायला बसलो. गोळी केळीच्या पानावर खसखशीत थापली, अडीच इंच रुंद आणि कडेला किंचित पातळ. खसखस आमच्याकडे मंदसौर-नीमचकडची मिळते आणि ती ताजी असेल तर पिठात चांगली रुतते. पसरट कढईत साजूक तूप मंद आचेवर ठेवले. पिठाचा कण टाकल्यावर तो सावकाश वर यावा, उसळू नये. अनारसा खसखशीची बाजू वर ठेवून सोडायचा आणि उलटायचा नाही, कारण वाफ आणि वितळलेला गूळ वर जातानाच जाळी पाडतात. उलटल्यास ती मिटते आणि खसखस जळते. वरच्या बाजूला फक्त झाऱ्याने तूप उडवत राहायचे. पहिल्या अनारशाच्या मध्यावर बुडबुडे येऊन फुटले, त्यांच्या जागी छिद्रे राहिली, आणि आई काही न बोलता उठून देवघरातली वाटी घेऊन आली.

चोवीसपैकी एकोणीस मनासारखे झाले. तीन हसले, ते माझ्याकडून आच वाढल्यामुळे. दोन धाकटीने थापले होते आणि त्यांचा आकार तिच्या मते मोराचा होता. सर्व अनारसे चाळणीत उभे करून निथळवले. आडवे ठेवल्यास खालचा तुपात भिजून मऊ पडतो.

दिवाळीबद्दल एवढेच लिहितो की यंदा पंचांगांचे एकमत नसल्यामुळे आमचे लक्ष्मीपूजन २० तारखेला झाले आणि पुण्याच्या मावशीकडचे २१ ला, त्यामुळे तिला फोनवर अनारशाचे छायाचित्र दाखवायला एक दिवस जास्त मिळाला. तिने पहिला प्रश्न विचारला तो तूप किती लागले हा. साडेतीनशे ग्रॅम लागले, त्यातले सुमारे दोनशे गाळून परत मिळाले.

भाऊबिजेला देवासच्या ताईबरोबर आठ अनारसे गेले. पाच डब्यात आहेत आणि मुरलेल्या पिठाचा एक गोळा फ्रिजमध्ये ठेवला आहे. तो आणखी पंधरा दिवस मुरवून तळल्यास जाळीत फरक पडतो का, हे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पाहणार आहे. त्या दिवशी मुलांनी गराडू, म्हणजे तळलेले कंद, मागितले आहेत, तेव्हा आधी तुपाची कढई आणि नंतर तेलाची, असा क्रम ठरला आहे.