आकिनाचा उतार: पाच वळणांचं एकच वळण

आकिना म्हणजे जपानमधल्या गुनमा प्रांतातला हारुना डोंगर. 'इनिशियल डी' या चित्रकथेनं नाव बदललं, घाट मात्र तोच ठेवला, आणि सेगा कंपनीच्या 'इनिशियल डी आर्केड स्टेज' या नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेममध्ये तो स्टिअरिंगसमोर आला. वरून खाली यायला साधारण तीन मिनिटं लागतात. गाडी टोयोटाची एई८६ ट्रुएनो, वेळ रात्रीची, रस्ता कोरडा, असं धरून हा उतार सांगतो आहोत. पावसाचा पर्याय निवडलात तर प्रत्येक ब्रेक आणखी आधी लागेल, बाकी सगळं तसंच.

नाणं टाकण्याआधी सीट सरकवा. ब्रेक तळापर्यंत दाबला तरी गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे आणि पाठ टेकलेली हवी. गिअरची दांडी डाव्या हाताला असते, आपल्याकडच्या गाडीसारखी, त्यामुळे हाताला सवय लावावी लागत नाही. दांडी पुढे-मागे ढकलायची असते. कुठल्या बाजूला चढता आणि कुठल्या बाजूला उतरता गिअर आहे, ते आधी बघून घ्या. मॅन्युअलच निवडा. ऑटोमॅटिक वेग पडल्यावर खालचा गिअर घेतं, आणि तोवर वळण अर्धं सरलेलं असतं.

वरचा भाग मोकळा आणि वेगाचा. इथली बरीच वाकणं ब्रेकशिवाय निघतात, अ‍ॅक्सिलरेटर क्षणभर सोडला तरी पुरतं. नवखे खेळाडू इथेच वेळ घालवतात, कारण ते स्टिअरिंग गरजेपेक्षा जास्त फिरवतात. पुढची चाकं एका हद्दीपर्यंतच वळवतात. त्यापुढे ती रस्त्यावर नुसती घासत जातात आणि वेग खातात. कान उघडे ठेवा. टायरची बारीक कुरकुर चालेल, किंचाळी ऐकू आली की स्टिअरिंग थोडं परत आणा. गाडी उलट जास्त वळेल. चित्रकथेतला नायक कपातलं पाणी न सांडता घाट उतरतो, ते नुसतं नाट्य नव्हे. हात तितकेच सावकाश चालले पाहिजेत.

घट्ट वळणाचा क्रम असा: बाहेरच्या कडेला या, गाडी सरळ असतानाच ब्रेक दाबा, ब्रेकवर पाय असतानाच एक-एक करून गिअर उतरवा, मग ब्रेक सोडत आत वळा. बहुतेक वळणांना तिसरा गिअर पुरतो. दुसऱ्यात काटा लाल पट्टीला भिडून राहत असेल तर तो गिअर त्या वळणासाठी खालचाच आहे. उतारावर गाडीचं वजन पुढच्या चाकांवर येतं आणि मागचा भाग हलका होतो, म्हणून वळता वळता ब्रेक दाबला की शेपूट सुटतं. ते दिसतं छान, पण आडवी गाडी म्हणजे गेलेला वेळ. ड्रिफ्ट, म्हणजे गाडी मुद्दाम आडवी घसरवणं, हवाच असेल तर नाक वळणाच्या आत येण्यापुरता, लगेच सरळ.

आता पाच सलग हेअरपिन, म्हणजे जवळजवळ उलट दिशेला फिरणारी वळणं. सगळा घाट खरं तर यांच्यासाठीच खेळायचा. दोन वळणांमधलं अंतर इतकं कमी की एकातून जोरात बाहेर पडलात तर पुढच्याच्या चुकीच्या बाजूला पोचता. पहिल्यातून भरधाव निघालेली गाडी दुसऱ्यात कठड्याला लागते, तिसऱ्यात सावरते आणि चौथ्यात पुन्हा लागते. ही साखळी ओळखीची वाटेल. म्हणून पहिल्या चार वळणांत थोडा वेग सोडून द्या. आत उशिरा शिरा, बाहेर पडताना पूर्ण रुंदी वापरू नका, रस्त्याच्या मध्याशीच थांबा, म्हणजे पुढच्या वळणाची बाहेरची बाजू आयती मिळते. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा तो पाचव्यातून निघताना, कारण पुढचा रस्ता मोकळा आहे आणि तिथे मिळालेला वेग दूरपर्यंत सोबत येतो.

कठड्याला बाजू घासली तर नुकसान थोडं. नाक आपटलं तर मात्र वेग पार बसतो. आपटणार हे कळलं की स्टिअरिंग ओढत राहू नका. ब्रेक मारून गाडी कठड्याला समांतर करा. समोरासमोरच्या लढतीत मागच्या गाडीला खेळाकडूनच वेगाची मदत मिळते, तेव्हा हेअरपिनच्या आधी पुढे राहण्याचा हट्ट नको. टाइम अटॅकमध्ये, म्हणजे एकट्यानं घड्याळाविरुद्ध खेळताना, ही मदत नसते, सराव तिथेच करा.

खरा घाट बघायचा असेल तर टोकियोहून शिंकानसेन या वेगवान रेल्वेनं ताकासाकी, सुमारे ५० मिनिटं. तिथून जोएत्सु रेल्वेमार्गानं शिबुकावा, पुढे बसनं इकाहो. इकाहोच्या ३६५ दगडी पायऱ्या प्रसिद्ध आहेत, आणि वर हारुना तळं १,०८४ मीटरवर. इकाहोजवळच्या खेळणी, बाहुल्या आणि मोटारींच्या संग्रहालयात कथेतलं टोफूचं दुकान उभं केलं आहे. भाड्यानं गाडी घ्यायची असेल तर निघण्यापूर्वी आरटीओतून १९४९च्या जिनिव्हा करारानुसारचा आंतरराष्ट्रीय परवाना काढा आणि मूळ लायसन्सही जवळ ठेवा. जपानमध्येही वाहतूक डावीकडूनच. रस्त्यावर वेग रोखण्यासाठी आडव्या पट्ट्या आहेत, समोरून बस येते, सायकलवालेही असतात. खेळातली रेषा इथे चालवायची नाही. हिवाळ्यात तळं गोठतं आणि घाटावर बर्फ साचतो, तेव्हा बर्फाचे टायर असलेलीच गाडी मागा.