किद्रोनच्या दरीत

आज जेरुसलेमच्या पूर्वेकडच्या तटाखालून किद्रोनच्या दरीत उतरलो. एका अंगाला मंदिराचा डोंगर, दुसऱ्या अंगाला जैतुनांचा. नदी आपली नावापुरती; पाणी येतं ते हिवाळ्यात, तेही पाऊस जोराचा झाला तर. पुढे ही दरी वाळवंट कापत मृत समुद्रापर्यंत उतरते.

अबशालोमची कबर म्हणून सगळे जिचा फोटो काढतात ती बायबलमधल्या दाविद राजाच्या या मुलाच्या कितीतरी शतकं नंतरची, इसवी सनाच्या पहिल्या शतकातली. मला शेजारची, बायबलमधल्याच जखऱ्याच्या नावाची कबर जास्त भावली. अख्खी खडकातून कोरलेली, माथ्यावर पिरॅमिड. वेरूळचं कैलास लेणं आठवलंच!

पण शहर इथं का वसलं ते कळलं गीहोन झऱ्यापाशी. त्याचं पाणी तटाच्या आत नेणारा ५३३ मीटरचा बोगदा इसवी सनपूर्व आठव्या शतकातला, दोन्ही टोकांकडून खोदत आणलेला. खोदणारे मध्ये कसे भेटले ते सांगणारा शिलालेख १८८०मध्ये सापडला आणि आता तो आहे इस्तंबूलला!

वर सिलवानची दाटीवाटीची अरब वस्ती, खाली बोगद्यात भर दुपारी गार पाणी. जाणार असाल तर बॅटरी न्या, आणि भिजल्या तरी चालतील अशा चपला.