तिथे लाइन आहे

"काका, लाइन कुठनं गेलीय?" प्लंबरने टिकाव खाली ठेवत विचारलं. मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "ह्यांना माहीत होतं."

महिनाभर नळाला करंगळीएवढी धार येत होती, शेजारी मात्र धो धो, आणि रात्री घरातले सगळे नळ बंद केले तरी मीटरचा काटा आपला फिरतोच आहे, म्हणजे जमिनीत कुठेतरी पाणी मुरतंय हे माझ्यासारख्यालाही कळलं. पण कुठे? बाबा असताना अंगणात कुदळ उचलली की खिडकीतनं आवाज यायचाच, "तिथे नको, लाइन आहे!" दिवाळीच्या किल्ल्याला माती हवी, लाइन आहे. बॅडमिंटनचा खांब रोवायचाय, लाइन आहे. लिंबाचं रोप लावायचंय तर तिथेही लाइन. पुढे पुढे मला आणि ताईला दाट संशय होता की बाबांना जे नको असेल त्याच्याखालून लाइन जाते.

नानासाहेब पेशव्यांनी 1750 च्या सुमारास कात्रजहून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून पाणी आणलं, नुसत्या उतारावर, आणि वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधून ठेवले, हवा जायला आणि आत उतरायलाही. आमच्या पेशव्यांनी काहीच खूण ठेवली नाही.

शेवटी मीटरपासून चर खणत निघालो. दोन फुटांवर पाइप लागला. पाऊण इंची जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी, निळा पट्टा म्हणजे बी क्लास, मध्यम जाडीचा (लाल पट्टावाला जड पाइप बाबांना परवडला नसणार). कापून बघितला तर आत गंजाच्या गाठी, पेन्सिल जाईना. गंमत म्हणजे जोड शाबूत होते! सुतळी आणि सफेदा लावून आवळलेले, पान्ह्याला दोघं लोंबकळलो तरी ढिम्म हलेनात. पहाटे साडेपाचला ह्याच पाइपातनं नळ आधी खाकरायचा, मग सूंऽऽ करून हवा, मग चहासारखं पाणी, ती पहिली बादली झाडांना, आणि "आलं रे" म्हणून ओरडायची ड्युटी माझी.

अंगणाच्या मधोमध पाइप अचानक काटकोनात वळला. तीनेक फूट बाजूला गेला, थोडा पुढे चालला आणि परत सरळ रेषेत आला. चार एल्बो, मोकळ्या मातीत! प्लंबर हसायला लागला, "कुणी टाकली हो ही लाइन, प्रेशर काय राहणार." आई पायरीवरनं उतरून आली, चरात डोकावली, आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "इथे पेरू होता. तुझ्या जन्माच्या आधी. मुळं तुटतील म्हणून वळवली ह्यांनी. पुढे वाळवीने गेलाच तो."

नवीन पाइप काळा, निळ्या रेघांचा, आख्खं वेटोळंच आणलं, मध्ये जोड नाही की एल्बो नाही. "सरळच घेऊ ना काका?" तो म्हणाला. सरळच घे म्हटलं, दुसरं काय म्हणणार.

संध्याकाळी चर बुजवला. नळाला धार अशी की बादली मिनिटात भरली. आई चहा घेऊन तिथेच पायरीवर बसली होती.

"आणि तो पेरू काही गोडबिड नव्हता हां," ती म्हणाली. "नुसत्या बिया."